बाबांनी भिजवलेला खजूर

माझ्या पहिल्या बाळंतपणाचं काय करायचं, यावरून पांढुर्ण्याच्या आमच्या घरात आठ दिवस बोलणं चाललं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत. पण माझ्या माहेरी बाईमाणूसच नव्हतं. मी सहा वर्षांची असताना आई गेली. तेव्हापासून सौंसरच्या दोन खोल्यांच्या घरात बाबा आणि मी असे दोघंच राहिलो, आणि माझं लग्न झाल्यावर बाबा एकटेच. प्राथमिक शाळेत शिक्षक. सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणायचा. भाकरी स्वतः थापायचे, माझी वेणीही पाचवीपर्यंत त्यांनीच घातली होती. जरा वाकडी व्हायची, पण घट्ट.

सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. "तिथं कोण आहे हिचं करायले? गुरुजी शाळेत जातीन का हिले पाहतीन?"

सासरी कापडाचं दुकान. सासरे दिवसभर गादीवर बसून असायचे आणि घरातल्या बायकांच्या गोष्टीत तोंड घालायचे नाहीत. नवरा म्हणाला, "आई म्हणते तसं कर." मीही गप्प बसले. सासूबाई वाईट नव्हत्या, कडक होत्या. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, बाबांना कशाला एवढं ओझं?

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळच्या बसनं बाबाच आले. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात संत्र्यांची पिशवी. चहा पुढे ठेवला, त्याला हात न लावता म्हणाले, "पोरीले न्यायले आलो."

सासूबाई पदर सावरून म्हणाल्या, "गुरुजी, रागावू नका, पण बाळंतपण म्हणजे खेळ नाही. रात्री-बेरात्री काही झालं तर?"

"दवाखाना घरापासून चार पावलांवर आहे. शेजारच्या काकू आहेत, त्याईनं तीन सुनांची बाळंतपणं केली. आणि मी रजा टाकली आहे. संक्रांतीच्या आधीपासून पूर्ण दीड महिना."

मी दाराआड उभी होते. बाबांनी रजा टाकली हे ऐकून मला धक्काच बसला. ताप असला तरी शाळेत जाणारा माणूस तो. सासूबाई काही बोलणार तेवढ्यात सासरे पहिल्यांदाच बोलले. "जाऊ दे तिले. बापानं मागितली तर नाही नको म्हणू."

निघताना सासूबाईंनी मला आत बोलावून सगळं बजावलं. पपई नाही, गूळ बेतानं, तीळ नाही, खजूर-खारीक तर अजिबात नाही, गरम पडते. "आणि पोटभर नको खात जाऊ. पोर मोठं झालं की अडते. अर्धी भाकर कमीच खायची." मी मान हलवली. त्या मायेनंच सांगत होत्या. माझी पिशवीही त्यांनीच भरली, माझी लोकरीची शाल वरून घातली आणि बस निघेपर्यंत स्टँडवर उभ्या राहिल्या.

सौंसरला पोचले तर घर ओळखू येईना. बाबांनी स्वतः चुना मारला होता. पाटावर धुतलेल्या जुन्या साड्या घडी करून ठेवल्या होत्या, आईच्या. लंगोटांना लागतील म्हणून. माझ्या खाटेवर नवी गादी होती. आणि चुलीशेजारी कोनाड्यात पितळेची एक वाटी झाकून ठेवली होती.

"हे काय बाबा?"

"उद्या सकाळी सांगतो," ते म्हणाले आणि कधी नव्हे ते लाजले.

खजूर होता तो. त्याची हकिकत मला दुसऱ्या दिवशी काकूंनी सांगितली. काकू मूळच्या मोहगावच्या, शेतकरी घरातल्या, आवाज असा की अंगणात बोलल्या तरी वेशीपर्यंत जावा. बाबा महिनाभर आधी त्यांच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले होते. दहा मिनिटं हवापाण्याचं, शाळेचं बोलले. शेवटी खाली पाहत विचारलं, "काकू, नवव्या महिन्यात पोरीले काय काय द्यावं लागते?"

"मले हसू यायलं आन् रडूबी," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, गुरुजी, शेवटच्या महिन्यात रोज सकाळी तुपात भिजवलेला खजूर द्या. आमच्या घरात सगळ्या सुनांले देला. आंग मोकळं होते, कळा चांगल्या येतात, बाई थकत नाही. त्याईनं खिशातून कागद काढला आन् लिहून घेतलं! किती, कवा, तूप किती. जसं शाळेतलं पोरगं."

मग बाबा बाजारात खजूर आणायला गेले. दुकानदार त्यांचाच जुना विद्यार्थी. "गुरुजी, एवढा खजूर? घरी कोणाले लागते?" मुलगी बाळंतपणाला येणार हे बाजारात सांगायचं बाबांच्या जिवावर आलं. म्हणाले, "मलेच." झालं. गुरुजींना अशक्तपणा आला ही बातमी दोन दिवसांत शाळेत पोचली. हेडमास्तरांनी बोलावून तब्येतीची चौकशी केली आणि एका सहकाऱ्यानं टॉनिकची बाटली आणून दिली. ती बाटली आमच्या कपाटात बरेच दिवस होती.

रोज सकाळी माझ्या उशाशी ती वाटी यायची. बाबा रात्री खजूर धुवायचे, बिया काढायचे आणि प्रत्येक खजुराच्या पोटात थोडं थोडं तूप भरायचे. सहा खजूर. "हे खाऊन घे, मग चहा देतो," एवढंच म्हणायचे आणि बाहेर जाऊन बसायचे.

मला खजूर लहानपणापासून आवडत नाही. तोंडात चिकटतो. वरून ते थंडीत गोठलेलं तूप. पण आवडनिवड हे एक निमित्त होतं. खरी गोष्ट ही की मी घाबरले होते. सासूबाईंचं 'गरम पडते' कानात होतं. पोर मोठं होऊन अडेल, हे त्याहून जास्त. भाकरीसुद्धा मी अर्धीच खात होते आणि उरलेली पदराखाली नेऊन टाकत होते. मला माझी आई फारशी आठवायची नाही, पण ती कशानं गेली हे मला माहीत होतं. दुसऱ्या वेळी बाळंत होताना. ते कोणी माझ्यापुढे कधी बोललं नव्हतं, पण मुलींना अशा गोष्टी कळतात.

तर मी काय करायची, बाबा बाहेर गेले की मागच्या खिडकीतून हात घालून खजूर काकूंच्या बकरीला द्यायची. बकरी खुशीत खायची. तीन-चार दिवस चाललं. मग बकरी शहाणी झाली. सकाळ झाली की खिडकीखाली येऊन उभी राहायची आणि बें-बें करून ओरडायची. एक दिवस जरा उशीर झाला तर तिनं असा गोंधळ मांडला की बाबा मागच्या अंगणात पाहायला गेले. त्याच वेळी माझा हात खिडकीतून बाहेर आला. हातात खजूर.

बाबांनी बकरीला हाकललं, आत आले, माझ्या खाटेशेजारी खाली जमिनीवर बसले. मला वाटलं रागावतील. लहानपणी एकदाच त्यांनी मला मारलं होतं, तेव्हासारखा त्यांचा चेहरा झाला आहे का ते पाहिलं. तसा नव्हता.

"भाकरीबी तूच टाकून राहिली ना उकिरड्यावर? मी पाहिली होती."

मी रडायला लागले. "सासूबाई म्हणतात, जास्त खाल्लं तर पोर मोठं होऊन अडते. मले भीती वाटते बाबा."

त्यांनी आपल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुझ्या आईलेबी हेच सांगितलं होतं."

माझ्या आयुष्यात बाबा आईबद्दल पहिल्यांदा बोलले ते त्या सकाळी. आई दुसऱ्या बाळंतपणाला बोरगावला, तिच्या माहेरी गेली होती. माझी शाळा सुरू झालेली, म्हणून मी बाबांजवळ राहिले. ते दर रविवारी सायकलीनं तिला भेटायला जायचे. शेवटच्या महिन्यात तिला फक्त पातळ वरण आणि मूठभर भात द्यायचे. पोर लहान राहावं म्हणून. वाईटासाठी नाही, तेव्हा तसंच होतं. ती बाबांना म्हणायची, मला भूक लागते. बाबांनी एकदा खिशातून पेढे नेले होते, तर घरच्यांनी काढून घेतले आणि जावयाला समजावून सांगितलं की असं करू नका.

"मी ऐकलं त्यांचं," बाबा म्हणाले. "मले वाटलं, बायकांले जास्त समजते. दोन दिवस कळा देल्या तिनं. मी ओसरीवर बसून होतो. शेवटी सुईण बाहेर आली आन् म्हणे, पोरगं आडवं नाही, काही नाही, पण बाईत जोरच नाही राहिला."

बाळही गेलं. मुलगा होता. हे मला तेव्हा कळलं.

"खजुरानं काय होते मले माहीत नाही. काकू म्हणतात म्हणून देऊन राहिलो. मी काही डाक्टर नाही. पण तू उपाशीपोटी दवाखान्यात नाही गेली पाहिजे, एवढं मले समजते. बाकी तुझी मर्जी."

ते उठून चहा ठेवायला गेले. वाटीत पाच खजूर उरले होते. मी पाचही खाल्ले. चिकटतच होते, पण खाल्ले. दुपारी दोन भाकरी खाल्ल्या. बाबांनी तिसरी आणून ताटात ठेवली.

त्याच आठवड्यात ते मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथली सिस्टर छिंदवाड्याकडची, बोलण्यात निम्मी हिंदी. गावातली निम्मी पोरं तिच्या हातून झालेली. तिनं पोट तपासलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि म्हणाली, "खून कम है. गोळ्या देते, रोज घ्यायच्या. जेवण कसं आहे?"

मी धीर करून खजुराचं विचारलं. गरम पडतो का, पोर मोठं होतं का.

ती हसली. "अरे बाई, खा. ताकद येईल. पोर मोठं-लहान व्हायचं ते आपल्या हिशेबानं होतं. पण एक बात सुन, खजूर खाल्ला म्हणून दवाखान्यात यायचं टाळायचं नाही. कळा सुरू झाल्या की सीधा इकडे. घरी बसून वाट पाहायची नाही. समझी?"

मी हो म्हणायच्या आत पडद्यापलीकडून बाबांचा आवाज आला. "हो सिस्टर, समजलं."

घरी येताना मला हलकं वाटत होतं. भीती गेली नव्हती, पण आता ती एकटीची नव्हती.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, न कळवता, सासूबाई आल्या. तिळगूळ, नवी साडी, वाणाची सुगडं, सगळं घेऊन. मी खाटेवर बसले होते आणि पुढ्यात खजुराची वाटी. लपवायला वेळच मिळाला नाही.

"हे काय?" त्यांनी वाटी उचलली. "खजूर? आन् तुपात? मी काय सांगितलं होतं तुले?"

बाबा आतून हात पुसत आले. "विहीणबाई, मी देऊन राहिलो. तिचा दोष नाही."

"गुरुजी, तुम्ही पुरुष माणसं. तुम्हाले यातलं काय समजते? उद्या नववा पुरा व्हायच्या आत काही झालं तर? पोर अडलं तर? सांगा!"

त्यांचा आवाज चढला होता. काकू ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या, पण आत आल्या नाहीत. बाबांनी सासूबाईंना पाट दिला, पाणी दिलं. मग मला जे सांगितलं होतं ते त्यांनाही सांगितलं. थोडक्यात, खाली पाहत. बोरगाव, पातळ वरण, दोन दिवस, आणि शेवटी सुईण काय म्हणाली ते.

सासूबाई ऐकत राहिल्या. हातातली वाटी तशीच. मग म्हणाल्या, "मलेबी सासूनं अर्धीच भाकर देली होती. पाचही वेळा."

"तुम्ही वाचल्या," बाबा म्हणाले.

"मी वाचली." त्या म्हणाल्या, "दोन लेकरं नाही वाचले. एवढेसे होते. हातात मावत होते."

सासूबाईंची दोन बाळं गेली होती हे मला त्या घरात दीड वर्ष राहूनही कोणी सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही माहीत होतं की नाही कोण जाणे. मी उठून त्यांच्याजवळ बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, वाटीतला एक खजूर उचलून नाकाशी नेला.

"हे तूप कुठलं गुरुजी?"

"बाजारातलं."

"तरीच. वास पहा याचा. असं तूप देते का कोणी बाळंतिणीले?"

संध्याकाळच्या बसनं त्या जाणार होत्या. गेल्या नाहीत. बस स्टँडवरून एका ओळखीच्या माणसाबरोबर निरोप पाठवला आणि दोन दिवसांनी माझा नवरा घरच्या तुपाचा डबा घेऊन हजर झाला. तेव्हापासून खजूर सासूबाई भिजवायला लागल्या. बाबांना ते जरा आवडलं नसावं. ते पहाटे उठून वाटीत किती आहेत ते पाहून घ्यायचे.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दिलेली तारीख आली आणि गेली. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. पोटात पोर हालत होतं, पण बाहेर यायचं नाव नाही. मी खजूर खाऊन, भाकरी खाऊन, आणि सकाळ-संध्याकाळ अंगणात फेऱ्या मारून थकले. काकू रोज येऊन पोटाकडे पाहायच्या आणि म्हणायच्या, "आज नाही. उद्या." सासूबाईंनी जामसावळीच्या मारुतीला नवस बोलला. बाबा नवस वगैरे करणारे नव्हते, पण रोज सकाळी दवाखान्याच्या दारात जाऊन सिस्टरला विचारून यायचे, एवढा उशीर चालतो का म्हणून. सिस्टर एकदा वैतागून म्हणाली, "गुरुजी, तुम्हीच भरती व्हा आता."

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. त्या कमी बोलणाऱ्या होत्या. "सोमवारपर्यंत वाट पाहू. नाही झालं तर नागपूरला जावं लागेल. कदाचित ऑपरेशन."

बाबांनी जीपवाल्याला सोमवार सकाळसाठी सांगून ठेवलं. सासूबाईंनी पिशवी भरली. घरात कोणी मोठ्यानं बोलेना. ऑपरेशन हा शब्द तेव्हा आमच्याकडे शेवटचा शब्द होता. त्या वेळी मला त्याच्या पुढचं काही दिसायचंच नाही. मी बाबांना म्हटलं, "एवढा खजूर खाल्ला, काही झालं नाही."

"होईल," ते म्हणाले. "नाही झालं तर जीप आहे. उपाशी नाही आहेस ना तू? बस."

रविवारी सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. मी आणि सासूबाई ओट्यावर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो. कमरेत काहीतरी ओढल्यासारखं झालं. मी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळानं पुन्हा. तिसऱ्यांदा झालं तेव्हा माझ्या हातातली शेंग खाली पडली. सासूबाईंनी शेंग पाहिली, मग माझं तोंड पाहिलं. "गुरुजी!" त्यांनी अशी हाक मारली की काकू, त्यांच्या सुना आणि बकरी, सगळे एकदम आले.

चालतच गेलो दवाखान्यात. सिस्टरनंच सांगितलं होतं, चालता येत असेल तर चालत या. मी मध्ये, एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला काकू. बाबा पुढे दहा पावलं जायचे, वळून पाहायचे, परत यायचे, पुन्हा पुढे जायचे. कळ आली की मी कुणाच्या तरी भिंतीला धरून उभी राहायची आणि रस्त्याची ती पूर्ण बाजू शांत व्हायची. दुकानदार, सायकलवाले, सगळे दुसरीकडे पाहायचे. मला आजही तो रस्ता आठवला की त्या माणसांबद्दल बरं वाटतं.

सिस्टरनं तपासलं आणि म्हणाली, "अच्छा चल रहा है. घाबरू नको."

कळांबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. दुपार कलायला लागली तेव्हा मला वाटलं, आता माझ्यानं होणार नाही. आईला असंच वाटलं असेल, हेही डोक्यात आलं. तेवढ्यात सिस्टर एक लहानसा डबा घेऊन आली. "तुझ्या बाबांनी पाठवला. मी म्हटलं, अंदर कुछ नहीं ले जाना. तर म्हणाले, सिस्टर, दोनच द्या. तिच्यात जोर राहू द्या." तिनं डबा उघडला. "ले, खा ले. पाणी पी."

दोन कळांच्या मध्ये मी दोन खजूर खाल्ले. बिया काढलेले, तूप भरलेले. चव कळली नाही. पण ते पोटात गेले आणि मला रडू आलं, आणि रडता रडता मी सिस्टरचा हात असा धरला की तिनंच "अरे बापरे" म्हटलं.

तीनच्या सुमारास मुलगी झाली. आपोआप, ऑपरेशनशिवाय, चांगल्या वजनाची, काळ्याभोर केसांची. ती इतक्या मोठ्यानं रडली की सिस्टर म्हणाली, हिला शाळेत प्रार्थना म्हणायला उभी करा.

खजुरानंच हे झालं असं मी म्हणत नाही. सिस्टरलाही नंतर विचारलं होतं. ती म्हणाली, "ताकद दिली त्यानं, हे नक्की. बाकी तिला रविवारीच यायचं होतं." तीन वर्षांनी माझ्या मुलाच्या वेळी मी तसाच खजूर खाल्ला, तेवढाच, त्याच तुपात. पण त्याच्या गळ्याभोवती नाळ होती आणि नागपूरला ऑपरेशन करावं लागलं. दोघंही सुखरूप घरी आलो. तेव्हा मला कळलं की ऑपरेशन शेवटचा शब्द नसतो. माझ्या मुलीला आणि सुनेला दोघींना मी नवव्या महिन्यात खजूर दिला, आणि दोघींना दवाखान्याची तारीखही मीच आठवण करून देत होते. बाबांकडून मी दोन्ही शिकले.

त्या रविवारी सिस्टर बाहेर गेली आणि दार अर्धं उघडं राहिलं. म्हणून मला बाहेरचं ऐकू आलं.

"गुरुजी, नात झाली."

"पोरगी?"

"हो, पोरगीच. चांगली आहे, रडली मस्त."

"ती नाही. माझी पोरगी. माझी पोरगी कशी आहे?"

"बिल्कुल ठीक. बोलून राहिली, पाणी मागून राहिली."

"नक्की?"

"गुरुजी, नक्की."

मग बाकावर कोणीतरी बसल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं सासूबाई बाळाला पाहायला आत आल्या. डोळे ओले, तोंडभर हसू. माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "भूक लागली का तुले?"

"लागली."

"काय खाशीन?"

"काहीपण. पुष्कळ."

त्या हसल्या. मी विचारलं, "बाबा कुठं आहेत?"

"बाहेर बाकावर. बसल्या बसल्या झोपले. मान एकीकडे, चष्मा दुसरीकडे. सकाळपासून पाण्याचा घोट नाही घेतला त्याईनं. मी सिस्टरले सांगितलं, तिकडून कोणी गेलं तर हळू जा म्हणा." मग दाराकडे पाहून आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझी शाल पांघरून आली त्याईच्या अंगावर. झोपू दे जरा."

मी कान दिला. बाबा घोरत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना दिवसा झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. शेजारी मुलगीही झोपली होती. सासूबाई माझ्यासाठी वरणभात आणायला घरी गेल्या आणि मी पडल्या पडल्या त्या दोघांच्या श्वासाचा आवाज ऐकत राहिले.